गल्ल्याची नवी किल्ली

आमचे वडील दुकानाच्या तिजोरीची किल्ली जानव्याला बांधीत. स्नानसमयीही ती सुटत नसे. २०१६ साली यूपीआय आले आणि गल्ला मोबाइलमध्ये गेला. त्याची किल्ली म्हणजे पिन. ती मात्र आपण नोकराला गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने सांगतो! पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जो मागेल तो लबाड समजावा. गिऱ्हाइकाने दाखविलेले ‘पैसे पाठविल्या’चे चित्र हा पुरावा नव्हे. आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहूनच माल द्यावा. आपल्या क्यूआर कोडवर रातोरात कोणी दुसरा डकवला नाही ना, हे सकाळी दिवाबत्ती करतानाच पाहावे. घरखर्चाचे खाते निराळे असावे. एवढे करूनही फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगली की गोठविणे अवघड होते.