क्षयरोगी आणि त्याचे घर



घरातील एखाद्या माणसाला फुप्फुसाचा क्षय झाल्याचे कळते, त्या दिवशी त्या घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. रोगी बरा होईल ना, हा पहिला. आणि घरातील इतरांचे, विशेषतः मुलांचे, काय होणार, हा दुसरा. पहिला प्रश्न मोठ्याने विचारला जातो. दुसरा सहसा कोणी उच्चारीत नाही. परंतु घरातील वागणूक त्याच प्रश्नाच्या धाकाने बदलू लागते. रोग्याचे ताट-पेला वेगळा काढला जातो, त्याचे अंथरूण मागच्या कोंदट खोलीत जाते, आणि रोगी घरची सून असेल तर पुष्कळदा तिची रवानगी माहेरी होते. हे सारे घराच्या रक्षणासाठी केले जाते. त्यामुळे घराचे रक्षण खरोखर होते काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

क्षय हा जंतुजन्य रोग असल्याचे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे जाहीर केले. हे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, याचा उलगडा व्हावयास मात्र पुढे बराच काळ लागला. 1950 नंतरच्या दशकात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एक प्रयोग केला. क्षयरोग्यांच्या एका कक्षातील हवा नळावाटे गिनीपिग ठेवलेल्या दालनात सोडण्यात आली. रोग्यांचा आणि त्या प्राण्यांचा हवेखेरीज कोणताही संबंध नव्हता, तरीही काही प्राण्यांना संसर्ग झाला. तीच हवा अतिनील किरणांखालून नेल्यावर संसर्ग थांबला. ज्या रोग्यांचे औषधोपचार सुरू झाले होते, त्यांच्यापासून संसर्ग फारच थोडा झाला, हेही त्याच प्रयोगात दिसून आले.

याचा अर्थ असा की, रोगी खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो तेव्हा बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण सुकून हवेत तरंगत राहतात आणि ते श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात जातात. ताट, पेला, कपडे किंवा हस्तस्पर्श यांतून हा रोग पसरत नाही. तेव्हा ताट वेगळे काढणाऱ्या घराने रोग्याला दुखावले एवढेच; ज्या बंद खिडकीतून हवा जात-येत नाही, ती खिडकी तशीच बंद राहिली.

औषधे उपलब्ध होण्यापूर्वी रोग्याला आरोग्यधामात पाठविणे हाच उत्तम उपाय समजला जाई. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवर तेथे भर असे. परंतु भारतात रोगी असंख्य आणि खाटा मूठभर, अशी स्थिती होती. 1952 मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त व गुणकारी औषध वापरात आले, तेव्हा प्रश्न निर्माण झाला : रोग्याला घरीच ठेवून उपचार केले तर तो बरा होईल काय? आणि तसे केल्याने त्याच्या कुटुंबाला अधिक धोका पोहोचेल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी 1956 मध्ये मद्रास (आजचे चेन्नई) येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त उपक्रम होता आणि डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. शहरातील गरीब वस्त्यांमधील 193 रोग्यांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात आली. काही आरोग्यधामात राहिले, तर काही आपापल्या दाटीवाटीच्या घरांत. दोन्ही गटांना वर्षभर तीच औषधे देण्यात आली. घरच्या रोग्यांना आहार कमी मिळत होता आणि विश्रांतीही थोडीच होती. परंतु औषध नियमितपणे घेतले जाते की नाही, यावर केंद्राचे कटाक्षाने लक्ष असे. कर्मचारी अवचित घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजीत आणि लघवीची तपासणी करीत.

1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले होते. कुटुंबीयांवर पुढे पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. रोगी घरात राहिला म्हणून त्या कुटुंबांत क्षयाचे प्रमाण वाढले, असे आढळले नाही. कुटुंबीयांना मुख्य धोका पोहोचला होता तो रोगाचे निदान होण्यापूर्वी, म्हणजे खोकल्याकडे दुर्लक्ष करीत गेलेल्या महिन्यांत. रोग्याला घराबाहेर काढण्याचा विचार कुटुंबाच्या मनात येतो, तोवर व्हावयाचा तो संसर्ग बहुतांशी होऊन गेलेला असतो. आणि योग्य औषधे सुरू होताच रोग्याची संसर्गक्षमता झपाट्याने कमी होऊ लागते.

यावरून कुटुंबाचे कर्तव्य स्पष्ट होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, ताप, रात्री येणारा घाम किंवा घटत जाणारे वजन यांपैकी काहीही आढळल्यास थुंकीची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. नेहमीच्या क्षयावरील उपचार सहा महिन्यांचा असतो. महिना-दोन महिन्यांत बरे वाटू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी औषध सोडण्याचा मोह होतो. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो, आणि त्याचा संसर्ग घरातील इतरांनाही होतो.

आरंभीच्या काही आठवड्यांत रोग्याने तोंडावर मुखपट्टी किंवा रुमाल धरावा, उघड्यावर थुंकू नये आणि शक्य तर हवेशीर जागी निजावे. समोरासमोरच्या दारे-खिडक्या उघड्या ठेवून घरात वारा खेळता राहील असे पाहावे. घरातील प्रत्येकाची तपासणी व्हावी. पाच वर्षांखालील मुलांमध्ये संसर्गानंतर रोग लवकर बळावतो, म्हणून त्यांची तपासणी प्रथम करावी. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस बालकांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून संरक्षण देते. परंतु केवळ तिच्यावर विसंबून राहता येत नाही. ज्यांना रोग झालेला नाही असे तपासणीत ठरते, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध देता येते.

शेवटी एक गोष्ट अन्नाविषयी. आहार बेताचा असूनही औषधाने रोगी बरा होऊ शकतो, हे मद्रासने दाखविले. रोग्याच्या सहवासात राहणाऱ्या निरोगी माणसाचा मात्र अन्न हा मोठा आधार आहे. मद्रासच्या त्याच केंद्राचे रूपांतर पुढे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेत झाले. या संस्थेने झारखंडमध्ये केलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दहा हजार कुटुंबीयांचा समावेश होता. रोग्याबरोबर घरातील सर्वांना सहा महिने पूरक शिधा व जीवनसत्त्वे दिली, तेव्हा त्या कुटुंबांत नव्याने होणाऱ्या क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी, तर फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण 48 टक्क्यांनी कमी आढळले. अनेक घरांत सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले खाणारी स्त्रीच रोग्याची शुश्रूषाही करीत असते. तिच्या पानात पुरेसे अन्न पडणे हा त्या घराच्या संरक्षणाचाच भाग होय.

माहेरी पाठविलेली सून जाताना संसर्गाचे भय आपल्याबरोबर घेऊन जात नाही. घरातल्या मुलांची तपासणी झालेली नसते, खिडकी बंदच असते आणि तिच्या औषधांत मात्र खंड पडण्याचा संभव असतो. तिला घरात ठेवून, रोजच्या रोज गोळी घेण्याची आठवण करून देणारे घर तिला वाचविते आणि स्वतःही वाचते. तिचे ताट वेगळे मांडण्याचे कारण तर पहिल्या दिवशीही नव्हते.