छडी टाकली, मग वर्ग कसा आवरावा?
(खेड्यातील प्राथमिक शाळेच्या पालकसभेत तेथील शिक्षकाने केलेले भाषण)



मागल्या आठवड्यात आपल्यापैकीच एक गृहस्थ मुलाचे मनगट धरून वर्गात आले आणि म्हणाले, "गुरुजी, हाडे तेवढी शाबूत ठेवा, चामडी तुमची. पण या कार्ट्याला वळण लावा." त्यांचा माझ्यावर विश्वास होता म्हणून ते असे बोलले. त्या वेळी मी गप्प राहिलो. आज सर्वांसमक्ष उत्तर देतो. दादा, मला चामडी नको. मला मूल पाहिजे, आणि तेही रोज पाहिजे.

कोणी म्हणेल, आम्ही मार खाऊनच शिकलो, आमचे काय वाईट झाले? त्यांना माझा एक सवाल आहे. पहिलीत आपल्याबरोबर किती पोरे बसली होती आणि चौथीच्या परीक्षेला किती उरली होती, हे जरा आठवून पाहावे. जे टिकले ते मार खाऊन टिकले, एवढेच आपल्याला दिसते. जे पळाले ते गुरांमागे गेले, भात्यावर बसले, मजुरीला लागले. ते या सभेत आपली हकीकत सांगावयास कधी येत नाहीत. ती पोरे कोणाची होती? शेतकऱ्याची, कुंभाराची, लोहाराची, मांग-महारांची. ज्यांच्या घरात पाटीला हात लावणारी ती पहिलीच होती, त्यांनाच छडीने आधी हाकलले.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे मागणी केली की, निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. रयतेच्या मुलांत मिळून मिसळून वागणारे शिक्षक त्याच वर्गातून तयार करावेत, असेही त्यांनी सांगितले. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. एवढ्या खटपटीने जे मूल शाळेच्या दारापर्यंत आणले, ते मास्तराने एका तडाख्यात दाराबाहेर घालवावे काय? कायद्याने मूल दारापर्यंत येते. आत ते टिकते ते मास्तराच्या वागणुकीवर.

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. मी नवा असताना माझ्या हातातही पट्टी असे. चैत्रात ऊसतोड संपवून कोयत्यावरची कुटुंबे गावी परतली. त्यांच्यातला एक मुलगा तिसरीत येऊन बसला. इतर मुले भागाकारापर्यंत पोहोचली होती. याने दिवाळीपासून पाटी पाहिली नव्हती. तो शेजाऱ्याला चिमटे काढी, बाकावर ठेका धरी. मी त्याला चार पट्ट्या मारल्या. वर्ग शांत झाला आणि मला वाटले, जिंकलो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी असाच एक मुलगा गेला होता. त्याच्या घरी मी गेलो नाही आणि तो पुन्हा शाळेत आला नाही. ते मनात सलत होते म्हणून या वेळी मी घरी गेलो. म्हातारी आजी दारात होती. ती म्हणाली, "गुरुजी, फडात बहिणीला तोच सांभाळायचा. बापाच्या मोळ्यांचा हिशेब तोच ठेवायचा. इथं त्याला काहीच येत नाही म्हणून लाजतो बघा." तेव्हा माझे डोळे उघडले. ज्याला मी खोडकर म्हणत होतो, तो आपली लाज झाकीत होता. मी त्याला पुढच्या रांगेत बसविले, वह्या मोजून वाटण्याचे काम दिले, आणि मोळ्यांच्या हिशेबावरूनच भागाकार शिकविला. तो सातवीपर्यंत शिकला. पट्टी मी त्याच वर्षी टाकली.

पुढे 2009 साली बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 17व्या कलमाने शाळेत मुलाला मारणे व त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींस बंदी आहे. ती मोडणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र होतो. जातीवरून, बापाच्या धंद्यावरून, बोलीवरून पोराला टोचून बोलणे हाही मारच आहे. त्याचा वळ अंगावर दिसत नाही, एवढाच फरक.

पण छडी टाकली म्हणजे वर्ग आपोआप आवरत नाही, हेही मी लपवीत नाही. पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांमागे दोन शिक्षक, असा कायद्याचा हिशेब आहे. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तेथे युक्ती आणि मेहनत लागते. शेतकरी नवे खोंड शिकवितो ते जुन्या बैलाच्या जोडीला जुंपून. पहिल्याच दिवशी आसूड ओढला तर ते जन्माचे बुजते. तीच रीत वर्गात.

पहिली गोष्ट, नियम थोडे असावेत आणि मुलांना विचारून ठरवावेत. "गोंगाट करू नका" यापेक्षा "एक बोलेल, बाकीचे ऐकतील" हे मुलाला नीट कळते. आत कसे यावे, पाणी प्यावयास कसे जावे, याचा सराव पहिले पंधरा दिवस कवायतीसारखा करून घ्यावा. दुसरी, हात रिकामा राहू देऊ नये. तिसरीला शिकवीत असता दुसरीला काम नेमून दिलेले असावे. बहुतेक दंगा रिकामपणातून होतो. फळा पुसणे, झाडांना पाणी घालणे, हजेरी मोजणे ही कामे पाळीने सर्वांना द्यावीत, हुशारांनाच नव्हे. झाडणे मुलींकडेच आणि घंटा मुलांकडेच, असे तर मुळीच नको. तिसरी, चुकलेल्याला भर वर्गात ओरडू नये. जवळ जाऊन हळू सांगावे. चांगले केले तर मात्र काय चांगले केले ते सर्वांदेखत सांगावे. चौथी, चुकीची भरपाई चुकीला धरून असावी. पाणी सांडले तर पुसावे, पुस्तक फाडले तर चिकटवावे. अंगठे धरून उभे राहिल्याने पुस्तक जोडले जात नाही. पाचवी, मूल वारंवार बिघडत असेल तर कारण शोधावे. उपाशी आले आहे काय? फळा दिसतो काय? ऐकू येते काय? घरात भांडण आहे काय?

आता आपणाकडे माझे मागणे. आयाबायांनो, "थांब, गुरुजींना सांगते" असा आमचा बागुलबुवा करू नका. ज्याच्या धाकाने रात्री झोपविले, त्याच्याकडे सकाळी मूल हसत कसे येईल? घरी मार आणि शाळेत माया, असे असले तर मूल मायेलाच दुबळेपणा समजते; म्हणून घरचा हातही आवरा. ऊसतोडीला जाण्यापूर्वी मला येऊन सांगा. घरी आजी-आजोबा असतील तर मूल मागे ठेवा, ती सोय आपण मिळून पाहू. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तेथे येऊन बसा, बोला. आणि माझ्याच हातून कोणा मुलावर हात पडला, तर मलाही त्या सभेत जाब विचारा. मी तो देईन.

त्या गृहस्थांचा मुलगा आज तिकडे बाहेर घंटेजवळ उभा आहे. या आठवड्यात घंटेची पाळी त्याची आहे, आणि अजून एकदाही ती चुकलेली नाही. तो आता घंटा देईल, म्हणून मी येथेच थांबतो.