प्रश्न काय विचारला होता?

(हिंगोलीतील तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



गाझाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'यहुद्यांना शांतता नकोच' हे आपल्या ग्रुपवर, आणि 'पॅलेस्टिनींना शांतता नकोच' हे दुसऱ्यांच्या ग्रुपवर. पुरावा म्हणून दोघेही लोकमताचे आकडे फिरवतात. मी सॉफ्टवेअरवाला. आकडा समोर आला की आधी विचारतो, प्रश्न काय होता?

रामल्लामधली खलील शिकाकी यांची संशोधन संस्था आणि तेल अवीव विद्यापीठ मिळून दोन्ही समाजांची मतं घेतात. जुलै २०२४ मध्ये, ऐन युद्धात, त्यांनी विचारलं, दोन राष्ट्रांचा तोडगा मान्य आहे का? ४० टक्के पॅलेस्टिनी 'हो' म्हणाले. इस्रायली ज्यूंमध्ये फक्त २१ टक्के. इथेच थांबलो तर आशा संपते. पण याच सर्वेक्षणात आणखी एक प्रश्न होता. सगळ्या प्रदेशात पसरणारं युद्ध हवं, की पॅलेस्टाईन राष्ट्र आणि सोबत अरब देश व इस्रायल यांच्यातही शांतता? आता ६५ टक्के पॅलेस्टिनी आणि ६२ टक्के इस्रायली शांततेच्या बाजूने आले. सर्वेक्षण तेच होतं.

मग पहिल्या आकड्यात काय दिसतं? मला त्यात भीती दिसते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० जण मारले गेले. गाझाच्या आरोग्य खात्यानुसार पुढच्या दहा महिन्यांत तिथले मृत ४० हजारांवर गेले. ज्याच्या घरातून जनाजा निघाला, त्याला समोरच्याच्या शब्दावर भरवसा कसा वाटेल?

ही भीती कमी होऊ शकते. इजिप्त आणि इस्रायल १९४८ ते १९७३ मध्ये चार युद्धं लढले. नोव्हेंबर १९७७ मध्ये अन्वर सादात स्वतः जेरुसलेमला गेले. १९७९ मध्ये करार झाला, १९८२ मध्ये सिनाई परत मिळालं. जे लोक जमीन सोडायला तयार नव्हते, त्यांनीच तो करार स्वीकारला. नेत्याने पाऊल टाकलं, लोकमत मागून आलं. अर्थात पॅलेस्टिनींचा प्रश्न त्यात सुटला नाही. वेस्ट बँक १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात आहे. पहिलं पाऊल टाकण्याची जबाबदारी ताबा असलेल्यावर जास्त आहे, हे आपण ठणकावून सांगायलाच हवं.

तुम्ही म्हणाल, हिंगोलीत बसून आपण काय करणार? कोकणातले बेने इस्रायली आठवा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावं. त्यांच्यातले हजारो आज इस्रायलचे नागरिक आहेत, मतदार आहेत, आणि कित्येक घरांत अजून मराठी बोलली जाते. त्यांच्यातल्याच हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत सुरू केलेली शाळा आज माझगावात सर एली कदूरी शाळा म्हणून चालते. तिथे शिकणारी बहुतेक मुलं आता मुस्लिम आहेत.

म्हणून इस्रायल सरकारचा निषेध करा, जोरात करा. पण 'सगळे यहुदी' लिहू नका. 'सगळे मुसलमान' हे शब्द कसे बोचतात, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि पुढचा आकडा फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा: कुणाला विचारलं, कधी विचारलं आणि काय विचारलं.