सड्यावरून सायकलने कामावर

गिर्ये, रामेश्वरहून विजयदुर्गच्या शाळेत किंवा बंदरावर रोज कामाला येणाऱ्यांना अंतर काही किलोमीटरांचंच. एवढ्यासाठी मोटारगाडी कशाला काढायची? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. जाता-येता मिळून रोज अर्धा तास सायकल चालवली, की पाच दिवसांत तो पुरा होतो.

अडचण आहे ती चढणीची. सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, रस्ता बराचसा सपाट, पण खाडीकडे उतरलात की परतीची घाटी दम काढते. तिथे गिअरची सायकल हवी. नाहीतर पायडलला मदत करणारी विजेची घ्या. मोटर 250 वॅटपर्यंतची असेल आणि ताशी 25 किलोमीटरला बंद होत असेल, तर लायसन्स लागत नाही.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे नक्की ऐकावं: खाऱ्या वाऱ्याने चेन फार लवकर गंजते. दर आठवड्याला ती पुसून तेल घाला. पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून उताराआधीच वेग आवरा. आंब्याच्या हंगामात पेट्यांचे टेम्पो पहाटेपासून अरुंद वळणांवरून धावतात, तेव्हा मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका.