पाहुणा कोणत्या वाटेनें आला?

घरीं पाहुणा आला म्हणजे त्याला पाय धुवावयास पाणी देतां देतां यजमान विचारतो, "कोणत्या गाडीनें आलांत?" संकेतस्थळाच्या मालकालाहि नेमका हाच प्रश्न पडतो, परंतु त्याचा पाहुणा तोंडानें कांहीं बोलत नाहीं. तो पान उघडतो, घटकाभर वाचतो आणि निघून जातो. मागें उरतात त्या केवळ नोंदी. त्या नोंदींवरून जो अहवाल तयार होतो, त्यांत अभ्यागतांची वांटणी वाटांप्रमाणें केलेली असते: इतके शोधयंत्रांतून आले, इतके दुसऱ्याच्या पानावरील दुव्यावरून, इतके समाजमाध्यमांतून, इतके पैसे मोजलेल्या जाहिरातींतून, आणि इतके 'डायरेक्ट', म्हणजे थेट. जाहिरातीचा पैसा कोठें घालावा आणि कोठून काढून घ्यावा, हें या आंकड्यांवर ठरतें. म्हणून ते आंकडे कसे बनतात, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

ब्राउझर जेव्हां एका पानावरील दुव्यावरून दुसरें पान मागतो, तेव्हां त्या मागणीसोबत तो एक चिठ्ठी पाठवितो. आधीचें पान कोणतें होतें, तें या चिठ्ठींत लिहिलेलें असतें. हिचें नांव 'रेफरर'. मौजेची गोष्ट अशी, कीं १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या नियमपत्रांत या इंग्रजी शब्दांतलें एक 'आर' अक्षर गळालें, आणि तें आजतागायत गळालेलेंच आहे. ब्राउझर अजून तेंच चुकलेलें स्पेलिंग इमानानें पाठवितात. शिवाय ही चिठ्ठी दिवसेंदिवस त्रोटक होत चालली आहे. २०२० सालापासून क्रोम ब्राउझर परक्या स्थळाला पानाचा पुरा पत्ता आपण होऊन देत नाहीं, फक्त स्थळाचें नांव देतो. वाचणाऱ्याच्या खाजगीपणाच्या दृष्टीनें हें योग्यच झालें.

दुसरी खूण दुवा पाठविणारा स्वतः लावून ठेवतो. पत्त्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह देऊन त्यापुढें 'यूटीएम' या अक्षरांनीं सुरू होणारे शब्द जोडावयाचे: कोठून, कोणत्या साधनानें, कोणत्या मोहिमेंतून. यांतला 'यू' अर्चिन नांवाच्या कंपनीचा. गूगलनें ती २००५ सालीं विकत घेतली आणि त्याच वर्षीं गूगल ॲनॅलिटिक्स सुरू केलें. कंपनीचें नांव मागें पडलें, आद्याक्षर मात्र राहिलें.

आतां ज्याच्यापाशीं चिठ्ठीहि नाहीं आणि खूणहि नाहीं, त्याचें काय करावयाचें? त्याला अहवाल 'डायरेक्ट'च्या रकान्यांत बसवितो. हें नांव फार फसवें आहे. मालकाला वाटतें, इतक्या लोकांना आपला पत्ता तोंडपाठ आहे! पत्ता टाइप करणारे त्यांत असतात खरे. परंतु मावशीनें व्हॉट्सॲपवर धाडलेल्या दुव्यावर बोट ठेवून आलेला भाचाहि बहुधा त्यांतच सांपडतो. ईमेलच्या ॲपमधून आलेला, पीडीएफमधल्या दुव्यावरून आलेला, सुरक्षित पानावरून असुरक्षित पानावर उतरलेला, असे सर्व त्याच कोठडींत. 'थेट' म्हणण्याऐवजीं या रकान्याला 'ठाऊक नाहीं' म्हटलें असतें, तर पुष्कळांचे पैसे वांचले असते.

'दि अटलांटिक' या अमेरिकन मासिकाचे अलेक्सिस मॅड्रिगल यांनीं २०१२ सालीं यावर एक साधा तर्क लढविला. लांबलचक पत्ता कोणी हातानें टाइप करीत नाहीं. तेव्हां मुखपृष्ठ सोडून आंतल्या पानावर जे 'थेट' उतरतात, ते कोणीतरी खाजगींत पाठविलेल्या दुव्यानेंच आले असले पाहिजेत. असा हिशेब मांडतां, समाजांतील देवाणघेवाणींतून त्या मासिकाकडे येणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक या अदृश्य वाटेचे निघाले. तिला त्यांनीं 'डार्क सोशल' असें नांव दिलें.

तर्क सुंदर होता. पण ग्रूपॉन या कंपनीनें २०१४ सालीं प्रत्यक्ष प्रयोगच केला. तिनें आपलीं पानें सुमारे सहा तास गूगलच्या सूचींतून काढून घेतलीं. भरबाजारांत चालत्या दुकानाची पाटी उतरविण्यासारखें हें धाडस! शोधांतून येणारी रहदारी बसली, यांत नवल नव्हतें. परंतु त्याच तासांत लांब पत्त्यांच्या पानांवरील 'थेट' अभ्यागत सुमारें ६० टक्क्यांनीं घटले. ते खरोखर थेट असते, तर गूगलच्या सूचीशीं त्यांचा संबंध काय? अर्थात् ते शोधांतूनच येत होते. वाटेंत त्यांची चिठ्ठी गळत होती. म्हणजे लांब पत्त्यावर थेट उतरलेला प्रत्येक माणूस मित्राच्या शिफारशीनेंच आला, असें धरणेंहि तितकेंच घाईचें.

समजा, देवगडचा एखादा बागाईतदार हापूसच्या पेट्या आपल्या संकेतस्थळावर विकतो. वैशाखांत तो अहवाल उघडतो, तों सर्वांत अधिक विक्री पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवेच्या नांवावर! कारण उघड आहे. गिऱ्हाईक पैसे भरावयास तिकडे गेलें, परत आलें, आणि चिठ्ठीवर तेंच नांव राहिलें. त्या स्थळाचें नांव वगळण्याच्या यादींत घातलें नाहीं, तर असा घोटाळा होतो. त्याखालीं 'डायरेक्ट'चा मोठा आंकडा पाहून त्यानें व्हॉट्सॲपवरील गटांना दुवे पाठविणें निरर्थक म्हणून बंद केलें, तर पुढच्या हंगामांत पेट्या पडून राहतील आणि त्याचें कारण त्याला कोणत्याच रकान्यांत सांपडणार नाहीं.

त्यानें दादरच्या गटाला एक खुणेचा दुवा द्यावा, पुण्याच्या गटाला दुसरा, आणि पेटीवर छापलेल्या क्यूआर चौकटींत तिसरा. खुणेचे शब्द सर्वत्र लहान इंग्रजी अक्षरांतच लिहावे. मोठें अक्षर पडलें कीं अहवालांत एकाच गटाच्या दोन ओळी होतात. स्वतःच्याच एका पानावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या दुव्यांना मात्र या खुणा कधींहि लावूं नयेत. तसें केल्यास पाहुण्याची मूळ वाट पुसली जाते. आणि मागणीच्या अर्जांत, पत्त्याच्या रकान्याखालीं, "आमचें नांव आपणांस कोणाकडून कळलें?" एवढी एक ओळ घालावी.