प्लेटलेट उतरल्या, पण ताप कशाचा?



बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात एखादा कामगार तापाने फणफणला आणि रिपोर्टात प्लेटलेट ४० हजार निघाल्या, की ठेकेदारापासून खोलीतल्या सोबत्यांपर्यंत सगळे एकच नाव घेतात: डेंगी. या शहरात डेंगी भरपूर, मलेरिया तुरळक. त्यामुळे अंदाज बहुधा खराही ठरतो. पण हा गडी आठ-दहा दिवसांपूर्वीच ओडिशा-झारखंडातल्या गावाहून परतला असेल तर? किंवा आपल्या गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडचा असेल तर? फाल्सिपेरम मलेरियाचा ताप डास चावल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो. चावा गावी, ताप मात्र लेथवर उभे असताना. म्हणून दवाखान्यात आधी सांगावे ते आपण कुठून आलो, आणि मागून घ्यावी ती मलेरियाची रक्ततपासणी.

मलेरियातही प्लेटलेट खूप उतरतात. काही पाणथरी अडवून नष्ट करते, काही रक्तातच खर्ची पडतात. तरी बहुतेकांना रक्तस्राव होत नाही. गंभीर मलेरियातही तो थोड्यांनाच होतो. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले नसताना, निव्वळ आकड्याला घाबरून प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी पळापळ करू नये. जंतू मेले की आकडा चढतो. पपईच्या पानांच्या रसाने जंतू मरत नाहीत, हेही जाता जाता सांगतो.

पण नाकातून, हिरड्यांतून रक्त थांबेना, सुई टोचल्या जागी झिरपतच राहिले, उलटीत रक्त आले किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे तो गंभीर मलेरिया. मग गोळ्यांवर भागत नाही. शिरेतून आर्टेसुनेट लागते: पहिला डोस लगेच, पुढचे १२ आणि २४ तासांनी, नंतर रोज एक. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आशियातल्या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतातले रुग्णही होते, क्विनीनवरचे २२ टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेटवरचे १५ टक्के. तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावी. मेडिकलमधून परस्पर आणलेली अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन रक्तस्राव वाढवू शकते.

मलेरियाचे डास फक्त गावाकडचेच, असेही नाही. उघड्या टाक्यांत, बांधकामावरच्या साठवलेल्या पाण्यात वाढणारा अ‍ॅनाफिलिस स्टिफेन्सी अस्सल शहरी आहे. १८८३ च्या सुमारास बंगळुरूच्या छावणीत डॉक्टर असलेल्या रोनाल्ड रॉस यांना खिडकीबाहेरच्या पिंपात डासांच्या अळ्या दिसल्या. त्यांनी पिंप पालथे केले, खोलीतले डास हटले. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडायला मात्र १८९७ साल उजाडले, तेही सिकंदराबादेत.

आता घरी सोडलेल्या रुग्णाविषयी. आर्टेसुनेटच्या इंजेक्शनांनंतर एक ते तीन आठवड्यांत काहींच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कुठेही रक्त न वाहता हिमोग्लोबिन घसरते. म्हणून चार आठवडे दर आठवड्याला ते तपासून घ्यावे, आणि लघवी काळपट झाली तर शिफ्ट सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.