माळावरचे खोकड



गोष्टींतून भेटणारा कोल्हा आणि माळरानावरचे खोकड हे दोन भिन्न प्राणी होत. कोल्हा थोराड, त्याची कोल्हेकुई वेशीपर्यंत ऐकू येते. खोकड मात्र जेमतेम दोन-तीन किलो वजनाचे, मोठ्या टोकदार कानांचे. त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. या दोघांची गल्लत झाली, तर रानातील नोंदींना काहीच अर्थ उरत नाही. म्हणून अभ्यासकाचा पहिला धडा ओळखीचा.

दुसरा धडा धीराचा. खोकड मुख्यतः संध्याकाळी व रात्री हिंडते; दिवसा हाती लागतात त्या त्याच्या खुणा : पायांचे ठसे, विष्ठा आणि अनेक तोंडांचे बीळ. वाळलेली विष्ठा तपासली असता तीत उंदरांचे केस व दात, टोळ-भुंगेऱ्यांची कवचे, बोरांच्या आठळ्या आढळतात. पिकांची नासाडी करणारे उंदीर हे त्याचे एक प्रमुख खाद्य होय. पिल्ले बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मतात. त्या काळात निरीक्षकाने बिळापासून दूर, आपला वास तिकडे जाणार नाही अशा बाजूस बसावे, हे पथ्य कटाक्षाने पाळावे लागते.

सोलापूरजवळील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. लांडगा व काळवीट यांच्याबरोबर तेथे खोकडही नांदते. या शतकाच्या पहिल्या दशकात अबी तमीम वनक यांनी तेथील खोकडांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेतला. भोवती शेती पसरलेली असूनही खोकडांचा ओढा नैसर्गिक गवताळ तुकड्यांकडेच असल्याचे त्यांना दिसले. गावकुत्री जवळ असली की खोकड समोरचे अन्नही पोटभर खात नाही, हेही प्रयोगांतून ध्यानात आले. पुढील तपासणीत कुत्र्यांमधील डिस्टेंपर व पार्व्हो या विषाणूंशी खोकडांचाही संपर्क आल्याचे आढळले. म्हणजे खोकडाचे रक्षण अभयारण्याच्या सीमेवर संपत नाही. गावातील कुत्र्यांचे लसीकरण हाही त्याचाच भाग ठरतो.

तथापि मोठे संकट दप्तरातले आहे. गवताळ माळांची नोंद पुष्कळदा ‘पडीक’ अशी होते; मग तेथे झाडे लावणे हे पुण्यकर्म वाटू लागते. दाट लागवडीखाली गवत गेले, की त्याबरोबर खोकडाची बिळेही जातात. रोप लावण्यापूर्वी त्या माळावर कोण राहते याची वर्षभर नोंद ठेवणे, हे कोणत्याही गावातील विद्यार्थ्यांना जमण्यासारखे काम आहे. त्यासाठी वही, दुर्बीण आणि शांत बसण्याची सवय एवढे पुरेसे आहे.